अर्थाचे तीन पेड

मराठीत ‘अर्थ’ हा शब्द दोन ओझी वाहतो. अर्थखात्यात तो पैसा असतो, शब्दकोशात आशय असतो. ‘या वागण्याला काही अर्थ आहे का?’ असं आपण चिडून विचारतो तेव्हा तो आणखी तिसरंच काही असतो. इतक्या वेगळ्या गोष्टींना आपल्या भाषेनं एकच नाव का दिलं असेल, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे. खानदेशात एक गाव असं आहे, जिथे या शब्दाचं एक टोक दुसऱ्या टोकाला खरोखर बांधलं गेलं.

ते गाव म्हणजे बोरी नदीकाठचं अमळनेर. भोवती कपाशीची काळी जमीन, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग दाराशी. मोतीलाल माणेकचंद, म्हणजे सगळा खानदेश ज्यांना श्रीमंत प्रताप शेठ म्हणतो, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कापडगिरणी उभी केली. कापसाच्या मुलखात हातात पैसा आला की माणूस आणखी एक जिनिंग काढतो, वाडा बांधतो, फार तर धर्मशाळा किंवा देऊळ उभारतो. प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. नावात मंदिर असलं, तरी आत पूजेसाठी कुणी यायचं नव्हतं. विद्वानांनी यावं, राहावं, त्यांच्या पोटापाण्याची सोय व्हावी आणि ‘हे जग काय आहे, मी कोण आहे’ या प्रश्नांचा त्यांनी निवांत विचार करावा, यासाठी ती वास्तू होती. एका अर्थातून दुसरा अर्थ असा निघाला.

ही गोष्ट मला आज पुन्हा सांगावीशी वाटते, कारण अर्थाचा प्रश्न आता विद्वानांपुरता राहिलेला नाही. तो आपल्या घराघरांत आला आहे.

शिगेहिरो ओइशी आणि एड डीनर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली १३२ देशांतल्या पाहण्या एकत्र तपासल्या. प्रश्न साधा होता : तुमच्या आयुष्याला काही महत्त्वाचा हेतू किंवा अर्थ आहे, असं तुम्हाला वाटतं का? आयुष्याबद्दलचं समाधान श्रीमंत देशांत जास्त होतं, त्यात नवल नाही. पण अर्थाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण गरीब देशांत जास्त निघालं. ज्यांच्याकडे एक अर्थ कमी, त्यांच्याकडे दुसरा जास्त! याचं कारण शोधताना संशोधकांना सगळ्यात ठळक दिसला तो धर्म. गरीब देशांतल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात धर्म अजून घट्ट विणलेला आहे आणि अर्थ त्या विणीतून आपोआप मिळतो.

मग वीण सैल झाली की काय होतं? चार्ल्स टेलर या कॅनडातल्या तत्त्वचिंतकानं २००७ साली इहवादी युगावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. इहवाद म्हणजे या जगाचा विचार याच जगाच्या आधारानं करणं. टेलरचं म्हणणं थोडक्यात असं : युरोपात पाचशे वर्षांपूर्वी देव न मानणं जवळजवळ अशक्य होतं, आज देव मानणं हा अनेक पर्यायांतला एक पर्याय आहे. श्रद्धा संपली असं तो म्हणत नाही. श्रद्धा निवडावी लागते, हा बदल तो दाखवतो. निवडीबरोबर जबाबदारी येते आणि जबाबदारीबरोबर एकटेपणही येतं.

आपल्याकडे हा बदल आकड्यांत फारसा दिसत नाही. २०११च्या जनगणनेत १२१ कोटी लोकांपैकी ज्यांचा धर्म नोंदला गेला नाही, असे सुमारे २९ लाख, म्हणजे ०.२४ टक्के. पण धुळ्या-जळगावच्या कुठल्याही घरात डोकावलं तर बदल दिसतो. आजीला उपवास ‘करायचा असतो’, आईला ‘जमेल तसा करायचा असतो’ आणि नातीला ‘का करायचा?’ हे विचारायचं असतं. घर तेच, देव्हारा तोच. तिसऱ्या पिढीला मात्र अर्थ तयार मिळत नाही. तिला तो करून घ्यावा लागतो.

कशाचा करायचा असतो तो? इथे अलीकडच्या मानसशास्त्रानं एक फार सुंदर उकल केली आहे. फ्रँक मार्टेला आणि मायकल स्टेगर या संशोधकांनी २०१६ साली मांडलं, की ज्याला आपण ‘आयुष्याचा अर्थ’ म्हणतो त्याला तीन पेड असतात. पहिला सुसंगतीचा : जग मला कळतंय, घटना एकमेकींशी जुळताहेत. दुसरा हेतूचा : मला कुठेतरी जायचंय, काहीतरी करायचंय. तिसरा मोलाचा : माझ्या असण्याची काही किंमत आहे, मी नसलो तर कुणाला तरी फरक पडेल. तिन्ही पेड एकत्र वळले की दोर होतो, आणि त्यातला एक जरी झिजला तरी दोराला ताण जाणवतो.

हे वाचलं तेव्हा मला खानदेशच आठवला. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेच पुढे जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले. नंतरच्या तीसेक वर्षांत या दोन जिल्ह्यांत माणसं या तिन्ही पेडांना वेगवेगळ्या ठिकाणी पीळ देत होती : एका तत्त्वज्ञान मंदिरात, एका तुरुंगात आणि एका जात्यावर.

सुसंगतीचा पेड अमळनेरचा. तत्त्वज्ञ घनश्यामदास मलकानी तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात दीर्घकाळ रमले. तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक १९२५पासून या छोट्या गावातून निघू लागलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे त्या काळच्या भारतातले फार खोल विचारवंत. तेही १९३३ ते १९३५ या काळात इथे संचालक होते. आणि १९३३ साली मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘अज्ञान’. ज्ञानाच्या मंदिरात बसून तीन पंडित अज्ञानाचा अभ्यास करत होते!

त्यात नवल काय आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, असं आपण धरून चालतो, जसा अंधार म्हणजे उजेड नसणं. अद्वैत वेदान्त म्हणतो, थांबा. गाढ झोपेतून उठलेला माणूस काय म्हणतो? ‘मस्त झोप लागली, मला काहीच कळलं नाही.’ आता हे वाक्य नीट ऐका. काहीच कळलं नव्हतं, तर ‘काहीच कळलं नाही’ हे त्याला आठवतंय कसं? आठवण अनुभवाचीच असते. म्हणजे न कळण्याचाही अनुभव येत होता आणि तो घेणारं कुणीतरी झोपेतही जागं होतं. त्याला वेदान्त साक्षी म्हणतो. हे म्हणणं सगळ्यांना पटतं असं नाही. भारतीय दर्शनांनी त्यावर शतकानुशतकं कडाक्याचे वाद घातले आहेत आणि अमळनेरच्या त्या तिघांनीही प्रश्न तीन बाजूंनी तपासला. पण युक्तिवादाची गंमत बघा. पोथीचा दाखला नको, चमत्कार नको. रोज सकाळी अंथरुणावर उठून बसताना आपण जे वाक्य बोलतो, त्यावर हे सगळं उभं आहे. श्रद्धाळू आणि नास्तिक दोघंही तिथे शेजारी बसून विचार करू शकतात.

सुसंगतीचा हा पेड असाच वळला जातो, प्रश्नाला न घाबरता. आणि त्यासाठी मोठं शहर लागत नाही. गिरणीच्या गावात, कपाशीच्या गाड्या जिथून जातात तिथेही ते जमतं.

याच तत्त्वज्ञान मंदिरात कोकणातून एक तरुण आला होता, पांडुरंग सदाशिव साने. तत्त्वज्ञानात तो रमला, पण त्याचा जीव मुलांत होता. १९२४ साली तो अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाला. पुढे वसतिगृहाची जबाबदारी आली. मुलं शाळेत गेली की हा शिक्षक त्यांच्या विस्कटलेल्या खोल्या आवरून ठेवी, कपड्यांच्या घड्या घाली. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक तो हातानं लिहून काढी. साने गुरुजी हे नाव त्याला मिळालं ते इथे. १९३०मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले आणि आपल्या गोष्टीतला दुसरा पेड त्यांच्या पाठोपाठ धुळ्याच्या तुरुंगात गेला.

१९३२ साल. धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैदी गोळा झाले होते. त्यांत विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, साने गुरुजी होते. तिथे २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार, १९ जूनपर्यंत. समोर पंडित नव्हते, तुरुंगातली माणसं होती. कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाची जमीन जप्त झाली असेल, कुणाला आपण हे कशासाठी सोसतोय असा प्रश्न रात्री छळत असेल. आणि साने गुरुजी भरभर लिहून घेत होते. लघुलिपी नाही, यंत्र नाही, साधी देवनागरी आणि न थकणारा हात. त्या हाताचं मला अजून आश्चर्य वाटतं. बोलण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग यांत केवढं अंतर असतं! पण ऐकणाऱ्याचं मन बोलणाऱ्याच्या मनाशी इतकं लागलं होतं, की हात मागे पडला नाही. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या लिखाणातून झालं आणि भारताच्या बहुतेक भाषांत गेलं.

चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी केलेली एक उकल मला फार मोलाची वाटते. गीतेत कर्म, विकर्म आणि अकर्म असे तीन शब्द येतात. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, असं जुने टीकाकार सांगत. विनोबांनी त्याचा अर्थ लावला विशेष कर्म : बाहेर हात काम करत असताना आत मनानं करायचं काम. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते. बाहेरून पाहिलं तर एक हात एका पाठीवरून सरकतो, एवढंच. पण त्या सरकण्यात जे भरलेलं असतं, ते विकर्म. बाहेरचं काम आणि आतलं मन एकजीव झाले, की कामाचं ओझं उरत नाही. तेच अकर्म.

ही उकल ऐकायला धार्मिक ग्रंथातली आहे, पण वापरायला कुठल्याही धर्माची अट नाही. हेतू बाहेरून कुणी आणून देत नाही, तो कामात ओतावा लागतो, असं ती सांगते. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटले आणि १९४५ साली नऊ दिवसांत त्यांनी एक पुस्तक सांगून लिहून घेतलं. त्या छावण्यांची तुलना धुळ्याच्या तुरुंगाशी होऊच शकत नाही. तिथलं दुःख वेगळ्याच जातीचं होतं. पण फ्रँकल ज्या ठिकाणी पोचले ते ओळखीचं वाटतं : माणसाला अर्थ तीन वाटांनी मिळतो. काही घडवून, कुणावर प्रेम करून, आणि जे टळत नाही त्याला सामोरं जाताना आपली वृत्ती निवडून. धुळ्यानंतर वर्षभरानं, फेब्रुवारी १९३३मध्ये, साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ ते १३ तारखेच्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. फ्रँकलच्या तिन्ही वाटा त्या पाच दिवसांत एकत्र आल्या होत्या.

आता तिसरा पेड, मोलाचा. त्यासाठी तुरुंगातल्याच एका वस्तूकडे पाहू. त्या काळच्या तुरुंगांत सक्तमजुरी म्हणजे बहुतेकदा दळण. कैद्यासमोर जातं आणि ठरलेलं धान्य. दगडावर दगड फिरे आणि दिवस जाई. जातं म्हणजे शिक्षा.

त्याच वर्षांत, त्याच खानदेशात, जळगावला एक बाई पहाटे जात्यावर बसत होती. तिच्या बोलीत जात्याला घरोट म्हणत. बहिणाबाई नथूजी चौधरी, जन्म १८८०, गाव असोदे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षर येत नाही. तिशीत वैधव्य आलं, पदरी तीन लेकरं, शेतीची कामं. बाहेरून पाहिलं तर तिच्यासमोरही तोच दगड आणि तोच घास. पण तिच्या जात्यातून पिठाबरोबर ओव्या पडत होत्या. त्यांत शेत, पेरणी, माहेर, वारा, पाखराचा खोपा, माणसाचं चंचल मन हे सगळं होतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी त्यातलं जे जमेल ते उतरून घेतलं. बाकीचं पिठासारखं खाल्लं गेलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं आणि मराठी माणूस थक्क झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिचं नाव आता हजारो पदव्यांवर छापलं जातं.

तुरुंगातलं जातं आणि बहिणाबाईंचं जातं यांत दगडाचा फरक नव्हता. फरक होता तो दळण कुणासाठी आहे, यात. पहाटे दळलेल्या पिठाची भाकरी सकाळी कुणाच्या तोंडात जाणार, हे तिला माहीत होतं. विनोबा तुरुंगात ज्याला विकर्म म्हणत होते ते ती न शिकता करत होती. बहिणाबाईंचा देवही असाच हाताशी असलेला. तो शेतात, वाऱ्यात, उगवत्या कोंबात तिला भेटे. त्या देवाला मानणारा तर तिच्या कवितेत रमतोच, पण न मानणाराही रमतो. मोल ही गोष्टच अशी आहे. ते माणसांकडून माणसांना मिळतं आणि देणारा-घेणारा कोणत्या बाजूचा आहे, हे विचारत नाही.

या पेडांचा दोर पुढे कसा गेला, याचं एक उदाहरण मला विलक्षण वाटतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७मध्ये प्राणांतिक उपोषण केलं. देवावर जीव असलेल्या माणसानं देवाच्या दारात माणसांसाठी प्राण पणाला लावले. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आणि १९९८पासून २०१३ साली झालेल्या हत्येपर्यंत त्याच ‘साधना’च्या संपादनाची जबाबदारी डॉ. नरेंद्र दाभोलकर या विवेकवाद्यानं वाहिली. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणारा माणूस एका भाविकाची गादी चालवत होता, आणि त्यात विसंगती नव्हती. गुरुजींचा देव दाभोलकरांनी घेतला नाही, पण गुरुजींचा हेतू आणि माणसाचं मोल घेतलं. सुसंगती त्यांनी आपल्या विवेकातून नव्यानं वळली. श्रद्धा बदलली तरी दोर तुटत नाही, तो कुणीतरी हातात घ्यावा लागतो, हे मला इथे लख्ख दिसतं.

म्हणून ‘का करायचा?’ असं विचारणाऱ्या नातीची मला काळजी वाटत नाही. ती पहिला पेड वळते आहे. काळजी वाटते ती उरलेले दोन पेड तिच्या हातात कोण देणार याची. हेतू देणारं काम कमी झालं आहे आणि मोल देणारी माणसं पांगली आहेत. खानदेशातली कितीतरी पोरं सुरतेला, पुण्याला, मुंबईला आहेत.

ती परत येतात कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. चौरंगावर नारळाला देवीचं रूप देतात, नथ घालतात, दागिने चढवतात. रात्रभर अहिराणी गाणी होतात आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर विसर्जन. पण सणाचा गाभा रोट आहे. सव्वाच्या मापानं गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. रीत घराण्यागणिक थोडी वेगळी.

एका घरी मी ते गहू मोजताना पाहिले. आजी परातीपुढे बसली होती आणि घरातल्या एकेकाचं नाव घेत माप टाकत होती. पुण्यात नोकरी करणारा नातू दाराला टेकून उभा होता. नाव आलं तसा तो हसून म्हणाला, ‘माय, मी हे काही मानत नाही, माझं कशाला धरतेस?’ आजीचा हात थांबला नाही. ती म्हणाली, ‘तू मान, नैते नको मान. तुना वाटाना गहू मी मोजसूच.’

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं खाली बसला, परात स्वतःकडे ओढली आणि गव्हातले खडे वेचू लागला.